दुसरा पाना

कवठे महांकाळमधली निम्मी फाटकं नाथाजींच्या हातची. फाटकाच्या जोडावरून बोट फिरवलं की वेणीच्या पेडासारखी एकसारखी रेघ लागते. त्यावर त्यांनी कधी ग्राइंडर मारला नाही. "ज्याला झाकायचं हाय त्यानं घासावं," असं म्हणायचे. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला हा माणूस लहानपणी मिरजेच्या एका वर्कशॉपात झाडलोटीला लागला आणि वेल्डिंग शिकून परत आला. तेव्हापासून त्यांचं एकच मत होतं. "जोड म्हंजी वेल्डिंग. बाकी समदी बांधाबांध."

गेल्या दिवाळीनंतर मात्र दुकानाचं शटर उघडेनासं झालं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता तयार फाटकं मिळत्यात गड्या, आमाला कोण इचारतंय?" खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. हात थरथरायला लागला होता. रॉड एकीकडे टेकवावा तर ठिणगी दुसरीकडे पडायची. मिरजेच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले. गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाथाजींनी गोळ्या दुकानात लपवल्या आणि उजवा हात खिशात. आयुष्यभर हातानं ओळखला गेलेला माणूस. हातच गेला म्हटल्यावर आपलं काय उरलं, हा प्रश्न त्यांना कुणासमोर काढायचा नव्हता.

अशात त्यांची लेक पल्लवी शिरवळहून सुट्टीला आली. तिथल्या एका कारखान्यात ती नोकरी करते. तिनं पिशवीतून जाड खाचांची चार चाकं, दोन आस आणि मुठीएवढी मोटर काढली.

"आण्णा, रिमोटवरची गाडी करायची हाय. ही पळत न्हाई, दगडांवरनं हळूहळू चढती. सांगाडा बाजारात मिळतो, पण मला तुमच्या हातचा पायजे. ॲल्युमिनियमचा करा, नटबोल्टनं जोडा."

"ॲल्युमिनियम म्हंजी जर्मनचा?" नाथाजी हसले. "भाजी शिजवायची हाय का त्यात? आन् नटबोल्ट ढिलं हुत्यात. लोखंडाचाच करतो. वेल्डिंग मारून."

पल्लवीनं आईकडं बघितलं.

ती परत गेल्यावर नाथाजींनी शटर उघडलं. आधी पातळ चौकोनी पाइप घेतला. रॉड क्षणभर एका जागी रेंगाळला की पाइपाला भोक पडायचं. मग जाड पट्टी घेतली. ती जळाली नाही, पण जोडावर वारुळासारखे गोळे उठले. नाथाजींनी दाराकडं एकदा बघितलं आणि ग्राइंडर चालू केला.

पुढच्या सुट्टीला पल्लवीनं मोटर आणि चाकं बसवून गाडी शहाबादी फरशीवर ठेवली. वेल्डिंगच्या तापानं सांगाड्याला पीळ पडला होता. तीन चाकं टेकली, चौथं अधांतरी राहिलं. पायरीला फळी टेकवून ती वर चढवायला गेली, तर लोखंडाच्या वजनानं गाडी मागं उलटली आणि पाठीवर पडली.

"वजन जरा जास्त झालं आण्णा."

"मग बाजारातलाच घे," असं म्हणून नाथाजी उठून बाहेर गेले.

सकाळी ते दुकानात आले तेव्हा टेबलावर ॲल्युमिनियमचे दोन अँगल पडले होते, एक पातळ आणि एक जाड. खिडक्या करणाऱ्याकडून पल्लवीनंच आणलेले. बघायचं नाही असं ठरवूनही धातू समोर आला की त्यांना राहवायचं नाही. पातळ अँगल बोटांनी वाकला. जाड वाकेना, आणि हातात घेतला तर वजनच कळेना. "हे चालंल," असं ते स्वतःशीच पुटपुटले.

आता जोडायचं कसं? त्यांचं मशीन ॲल्युमिनियमला चालत नव्हतं. रिव्हेट दणक्यानं ढिला होतो, आणि एकदा मारला की उलगडायची सोय राहत नाही. राहिला नटबोल्ट, आत नायलॉनची कडी असलेल्या नटाचा. असा नट धक्क्यानं सहसा सुटत नाही. अँगल शिकंज्यात आवळून त्यांनी स्टँडवरचं ड्रिल खाली ओढलं. हात थरथरला तरी ड्रिल सरळच उतरलं. भोकं बरोबर जागेवर पडली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी बरोबर जागेवर पडलं होतं.

पण बोल्ट आवळायला गेले तर बोल्टाबरोबर मागचा नटही गरगर फिरायला लागला. डाव्या हातातल्या पान्यानं नट धरला की उजवा थरथरायचा आणि त्यातला पाना निसटायचा. दोनदा पाना फरशीवर आपटला.

दारात बसून पल्लवीची आई हरणाबाई हुलगे निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, खालचा पाना उचलला आणि नटाला लावला.

"फिरवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"धरायचं तेवढं कळतंय."

"तसं न्हाई गं. माझा हात..."

"ठावं हाय," पाना न सोडता त्या म्हणाल्या. "तुमची कपबशी का बंद केली म्या? पेल्यातनं अर्धाच च्या का देती?"

नाथाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "मला वाटलं, दूध कमी पडतंय."

"म्हशीला काय झालंय? तुमालाच झालंय."

दोघंही हसले. मग नाथाजींनी हळूच विचारलं, "पल्लीला बी ठावं हाय?"

"नटबोल्टाचं तिनं उगंच काढलं व्हय?"

नाथाजींनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग हरणाबाईंनी धरलं आणि नाथाजींनी फिरवलं. चुकलेला बोल्ट उलटा फिरवून काढता येतो, हेही त्यांना त्याच दिवशी बरं वाटलं. सांगाडा फरशीवर ठेवला तर चारही कोपरे टेकले.

पल्लवी त्यावर मोटर आणि चाकं चढवून गाडी शिरवळला घेऊन गेली. पुढच्या रविवारी वाईजवळ कृष्णेच्या उघड्या पडलेल्या खडकांवर पल्लवीची मित्रमंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमली. आईबापालाही तिनं बोलावून घेतलं होतं. नाथाजी जरा लांब उभे होते, उजवा हात खिशात. गाडी मुंगळ्यासारखी एकेक दगड धरत वर चालली. मध्येच एका खाचेत दणका बसला आणि मागचा आस लोंबकळला. एक बोल्ट मोडून पडला होता.

"संपलं काका," वीरधवल नावाचा पोरगा म्हणाला. "माझी अशीच मोडलेली, वेल्डिंगला द्यायला लागली."

नाथाजींनी खिशातला हात बाहेर काढला. मुठीत नवा बोल्ट होता. सगळ्यांसमोर हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"हरणे, धर जरा."

हरणाबाई पदर खोचून खडकावर बसल्या आणि पिशवीतले दोन पाने काढून एक नाथाजींना दिला, दुसरा नटाला लावला. "फिरवा."

"काकू बी टीममध्ये हायेत व्हय?" वीरधवलनं विचारलं.

"तीच हेड हाय," पल्लवी म्हणाली. तिनं रिमोट उचलला.

गाडी पुन्हा निघाली. खाच ओलांडून वरच्या खडकावर चढली आणि थांबली. तेव्हा नाथाजी एवढंच म्हणाले, "जोड बसला."

परतताना एसटी स्टँडजवळच्या टपरीवर तिघं थांबली. चहावाल्यानं पेले पुढं केले.

"मला कपबशी दे रं," नाथाजी म्हणाले. "आन् कप भरून दे."

कप बशीवर किणकिणला, चहा बशीत सांडला. हरणाबाईंनी बशीखाली हात धरला. नाथाजींनी आधी बशीतला चहा फुंकून प्यायला, मग कपातला.