माझ्या फंक्शननंही "हव" म्हटलं

मंडळी, आज डोकं असं फिरलं आहे की इथं लिहूनच मोकळी होते.

सकाळी भनपुरीहून फोन आला. ट्रक तोलायच्या काट्यावरचे मुन्शीजी. "दीदी, आपका कंप्यूटर बोल रहा है, गाड़ी में माइनस बारा क्विंटल माल है. ड्राइवर हँस रहा है."

भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, एवढंच काट्याच्या प्रोग्राममधलं माझं फंक्शन. मुन्शीजींनी आकडे उलटे टाकले होते. पण उलटे आकडे आले तर फंक्शननं तिथंच अडून बसावं, अशी अट मी स्वतः लिहिली होती!

दोन घंटे शोधलं. अट बरोबर होती, फक्त एक ओळ वर होती. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत अट इनपुटच्या नावांनंतर लिहिली तर तपासली जाते. आधी लिहिली तर ती फंक्शनची नुसती माहिती होऊन बसते. म्हणजे गेटवर चौकीदार बसवायचा होता, अन् मी त्याच्या नावाची पाटी टांगून आली.

अन् भाषा चकार शब्द बोलली नाही! आपल्या रायपुरात कोणालेही काम सांगा, तो "हव", म्हणजे हो, म्हणते अन् जागचा हलत नाही. तसंच.

ओळ खाली सरकवली अन् मुन्शीजीले फोन लावला.

"हो गया, दीदी?"

"हव."

"चला के देखे हो, कि सिरफ हव बोले हो?"

चालवून कुठं पाहिलं होतं मी! तुम्ही पाहिलं असतं का, खरं सांगा?