प्रयोगाचं पाणी

एरोस्पेसमध्ये पीएचडी करते म्हटलं की गारखेड्यातल्या आमच्या शेजारणी विचारायच्या, "मग विमान कधी उडवणार?" मी चिडायचे. माझं विमान म्हणजे वीतभर लांबीचा एक पंख होता, आणि तोही पाण्यात. काचेच्या लांब टाकीत तो बसवायचा, पाणी वाहतं ठेवायचं आणि दुधात कालवलेला खाण्याचा रंग सोडून प्रवाह पंखापासून कुठे सुटतो ते टिपायचं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या होत्या. शहर मात्र चहूकडे वाढतच होतं. नव्या इमारती, नवे बोअर, आणि तेही कोरडे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. माझी मुदतवाढ शेवटची होती, काम तपासणारी समिती सोमवारी बसणार होती आणि टाकी कशीबशी भरून मिळाली होती.

शुक्रवारी सकाळी कॉलेजचं पाणी बघणारे साहेब लॅबमध्ये आले. होस्टेल कोरडं पडलंय, टाकी रिकामी करून द्या, म्हणाले. पाणी जरा गुलाबी झालं होतं, पण धुण्याभांड्याला उत्तम होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, त्यात केमिकल आहे. विषारी."

साहेबांनी लॅब झाडणाऱ्या मावशींकडे पाहिलं. "काय हो, खरंय का?"

मावशींच्या वस्तीत आठवडाभर टँकर फिरकला नव्हता. माझ्यासाठी रोज दुधाची पिशवी त्याच आणायच्या. त्या टाकीकडे बघत म्हणाल्या, "व्हय साहेब. ताई मला हात लावू देत नाय."

साहेब गेले. मावशींच्या नजरेला नजर द्यायचं धाडस मला झालं नाही. "आजचं काम झालं की आधी तुम्ही हंडे भरून न्या," मी म्हटलं, "उरलेलं होस्टेलला देऊ." दुपारी त्या दोन हंडे घेऊन आल्या आणि दाराशी बसून राहिल्या.

संध्याकाळी आकडे मांडले तर ते जुळेनात. पंखाचा स्क्रू ढिला होता, कोन सरकला होता. दिवसभराची मेहनत फुकट.

"झालं का, ताई?"

"अजून एक दिवस लागेल, मावशी."

त्यांनी रिकामा हंडा हंड्यावर चढवला. "बरं. उद्या येते मग."

एक दिवस म्हणता म्हणता रविवार उजाडला. आकडे मला हवे होते तसे आले, पण पाण्यातलं दूध नासलं होतं. लॅबभर आंबट वास सुटला होता. मावशींनी ओंजळ भरून नाकाशी नेली आणि तशीच सोडून दिली. "हे आता भांड्याला बी चालत नाय."

मला लाज वाटली. त्यांनीच विचारलं, "तुमचं काम झालं का पण?"

"झालं."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पचवल्या असत्या.