नोआने शोधलेला शनिवार

मी निघाले तेव्हा आमच्या गावी, करडीत, धानाची रोवणी चालू होती. माझी मुलगी प्राची तेव्हा आठ वर्षांची. त्या दिवशीही ती शाळेत गेली. दप्तर पाठीला लावलं आणि माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर पडली. आई म्हणाली, "बरं झालं गेली ते. नाईतर तुह्यानं पाय उचलला गेला नसता."

नवरा वारल्यावर मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात आजाऱ्यांची शुश्रूषा करत होते. तिथल्याच एकीकडून कळलं की इस्राएलमध्ये म्हाताऱ्यांना सांभाळायला बाया लागतात. तीन वर्षांत परत येते, असं सगळ्यांना सांगून आले. आता पाचवं चालू आहे.

करडीच्या माझ्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडं फिरायला काय काय आहे? मी समुद्र सांगते, बाजार सांगते. माझ्यासारख्या ज्या बाया निघाल्या, त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. मी सांभाळते ती आजी, जिला घरात सगळे सावता, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी, म्हणतात, सगळं विसरलेली आहे. दार उघडं दिसलं की रस्त्यावर जाते. म्हणून दाराला कायम कुलूप, आणि किल्ली माझ्या गळ्यात. किल्ली माझ्याकडे, पण आत कोंडलेल्या आम्ही दोघीही. हल्ल्याचा सायरन वाजला की तिला उचलून जिन्याखालच्या खोलीत न्यायचं, थांबला की परत आणायचं. माझी कामाची परवानगी तिच्याच नावाशी बांधलेली. दोनदा बदली बाई आणून बघितली. सावताने दोघींनाही ओरबाडलं. मग सुट्टीचं नाव निघेनासं झालं, आणि मीही ते काढेनाशी झाले.

गेल्या वर्षी आईचा फोन आला. "पोरगी शाणी झाली," ती म्हणाली. मी विचारलं, पहिली पाळी, घाबरली का? रडली का? आई म्हणाली, "मीच सांगतलं तिले सगळं. तू तिथून काय सांगशीन?" मी स्वयंपाकघरात उभी होते. सावता हाका मारत होती. मी फोन ठेवला.

त्याच दिवसांत या घरातही एक मुलगी मोठी होत होती. सावताची नात नोआ. या लोकांत मुलगी बारा वर्षांची झाली की बात मित्झवा करतात. त्या दिवसापासून ती आपल्या बऱ्यावाईट वागण्याला स्वतः जबाबदार. पण समारंभाआधी कित्येक महिने तयारी चालते. दर मंगळवारी एक पिकल्या केसांची बाई तिला शिकवायला यायची. पाठांतरापेक्षा तिचा भर कामं देण्यावर. एका आठवड्यात नोआच्या मनगटाला दोरा बांधला. कोणाच्या माघारी वाईट बोललं की एक गाठ मारायची. शनिवारपर्यंत अकरा गाठी झाल्या, आणि नोआ तो हात लपवत फिरली. दुसऱ्या आठवड्यात आजारी शेजारणीसाठी सूप करून, नाव न सांगता दारात ठेवून यायचं होतं. सूप खारट झालं होतं, पण भांडं रिकामं परत आलं. मी हे भाजी चिरता चिरता बघायची आणि मनात म्हणायची, प्राचीला कोण शिकवत असेल?

शेवटचं काम अवघड होतं. नोआला समारंभात वाचायचा होता तो भाग त्यांच्या धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांचा. बाई म्हणाली, यातली एखादी आज्ञा तुझ्याच घरात मोडली जाते का, ते शोध.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले. त्यांचा शब्बात, विश्रांतीचा दिवस, तेव्हाच सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी संपतो. मी सावताला भरवत होते. नोआने विचारलं, "वंदना, तू कधी थांबतेस?"

मला वाटलं, भरवायचं कधी थांबतेस असं विचारते. म्हटलं, "आजीचं झालं की."

"तसं नाही. लिहिलंय, शब्बातच्या दिवशी तू काम करू नको, तुझ्या घरातल्या चाकराने नको, परक्याने नको. मग वंदना का करते?"

तिची आई, मिखल, हातातला पाव खाली ठेवत म्हणाली, "वंदना परकी नाही. ती घरचीच आहे."

"घरची आहे तर तिची मुलगी कुठे आहे?"

 मिखल उठून गेली. मला नोआचाच राग आला. आता मिखल मला काढून टाकेल, या धास्तीने मी दोन दिवस नीट जेवले नाही. मिखल तिसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "शनिवारी मी आणि नोआ आईजवळ थांबू. तू जा."

पहिल्या शनिवारी गळ्यातली किल्ली काढून दिली तर मान उघडी उघडी वाटू लागली. बसथांब्यावर अर्धा तास उभी राहिले, मग आठवलं, शब्बातला बसच नसते. बागेतल्या बाकावर जाऊन बसले. सुट्टी होती आणि जायला जागा नव्हती. करडीला फोन लावला. प्राचीने विचारलं, "तू कधी येशीन?"

दरवेळी मी म्हणायची, येते, लवकर. त्या दिवशी म्हटलं, "सांगता येत नाही बेटा. इथली आजी आहे तोवर निघता येत नाही. दोन वर्षं, जास्तही. मी इथं अडकले आहे."

 ती म्हणाली, "मले माहीत होतं. तू काहून नाई सांगत होती?"

समारंभ झाला. नोआ वाचत असताना सावता ओरडायला लागली, म्हणून मी तिला बाहेर नेलं. टाळ्या बंद दारातून ऐकल्या. समारंभानंतर हे सगळं थंडावेल असं वाटलं होतं. काही शनिवार बुडतातही. नोआला परीक्षा असते, मिखल दमलेली असते. पण बहुतेक वेळा ती मुलगी हात पुढे करते, मी किल्ली देते.

मी करडीला जाईन तेव्हा प्राची मला पाहुणीला देतात तसं पाणी देईल, ही भीती जात नाही. घर म्हणजे काय, आता मला नीट सांगता येत नाही. हल्ली शनिवारी आमचं बोलून संपलं की मी प्राचीला म्हणते, फोन बंद करू नको, ओसरीत ठेव आणि तुझं काम कर. मग मी ऐकत बसते. कोंबड्या, बादलीचा आवाज, कोणीतरी धान पाखडतंय.

परवा आईचा आवाज आला, "फोन काहून चालू ठेवला वो?"

"राहू दे, आजी," प्राची म्हणाली. "आई बसली हाय."