लॅटिनच्या तासाला मी मेले होते

नववीत मी लॅटिन घेतलं ते अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. बसवनगुडीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. आमच्या शाळेने त्या वर्षी जुन्या भाषांचा एक जादा विषय काढला होता, संस्कृत किंवा लॅटिन, आठवड्याला दोन तास. दुकानात येणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्या डोक्यात भरवलं, की शरीरातल्या हाडांची नि नसांची नावं सगळी लॅटिनमध्येच असतात. झालं! "तुला डॉक्टर व्हायचंय ना? मग घे लॅटिन," अप्पा म्हणाले. डॉक्टर व्हायचंय असं मी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही, पण ते असो. घरात मराठी, दुकानात कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि वर आता हे. आईने कपाळावर हात मारला.

मिस मात्र चांगल्या होत्या. त्या बाहेरदेशी शिकून आल्या होत्या आणि त्यांना रोमन लोकांचं भारी वेड. एका शब्दाची दहा-दहा रूपं फळ्यावर लिहायच्या, आमचे चेहरे पडले की खडू ठेवून गोष्टी सांगायच्या: रोमन लोक आडवे पडून कसे जेवायचे, अंघोळीला कसे गावभर मिळून जायचे. मला गोष्टी आवडायच्या. पाठांतराच्या नावाने मात्र बोंब. घरून घोकून जायची आणि मिसनी उभं केलं की डोकं साफ रिकामं.

म्हणून जेव्हा मिस म्हणाल्या, की आपण एक रोमन अंत्ययात्रा बसवू आणि दहावीच्या मुलांना करून दाखवू, तेव्हा मी आधी विचारलं की कोणाला किती बोलायचंय. रडणाऱ्या बायकांना होतं. पूर्वजांचे मुखवटे घालून चालणाऱ्यांना होतं. भाषण करणाऱ्या मुलाला तर पानभर होतं. मेलेल्याला काहीच नव्हतं. मिसचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. इतकी मी आळशी, आणि त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश, की काय सांगू.

मेलेल्या मोठ्या माणसाला रोमन लोक टोगा नेसवायचे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं लांबच लांब पांढरं कापड. मिस म्हणाल्या, सहा मीटर आण. संध्याकाळी मी दुकानात गेले. "कशाला गं एवढं?" अप्पांनी विचारलं.

"शाळेत रोमन पोशाख करायचाय."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. अप्पांनी ठाणातून कोरं पांढरं कापड उलगडलं, कात्रीने जरा काप दिला आणि टर्रकन फाडलं. मग घडी घालायच्या ऐवजी त्यांनी ते स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळलं, शेवट खांद्यावर टाकला आणि आरशासमोर छाती काढून उभे राहिले. "नऊवारीला स्वल्प कमी पडतंय बघ. काय, दिसतो का रोमचा राजा?" दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून गठ्ठा काढताना अप्पांच्या छातीत कळ आली. ते पायरीवरच बसले. आठवड्याभरात तपासण्या झाल्या, तीन ठिकाणी नसा बंद निघाल्या, आणि बायपास करायचं ठरलं.

मला त्या आठवड्यातलं फार काही आठवत नाही. ते कापड तेवढं आठवतं. माझ्या कपाटात, वह्यांच्या मागे. मी ते मेलेल्या माणसासाठी आणलं होतं आणि अप्पांनी ते अंगावर घेतलं होतं, कोरं, पांढरं. कपाट उघडलं की मी तिकडे न बघताच वह्या ओढून काढायची. चौदा वर्षांची घोडी, विज्ञानात नव्वदच्या खाली कधी आली नाही, आणि माझी पक्की खात्री झाली होती की हे मी केलंय.

आईला सांगावं असं दहादा वाटलं. पण आई एक तर फाडकन कानाखाली देईल, नाहीतर तिला ते पटेल. कानाखालीची भीती नव्हती. तिला पटलं असतं तर मी कुठे गेले असते?

मग मिसकडे गेले. "मिस, मला दुसरं काहीतरी द्या, मी पाठ करीन," म्हटलं. मिसनी कारण विचारलं. मी तोंड उघडलं, आणि इंग्रजीत ते सांगताच येईना. वडलांनी कापड पांघरलं म्हणून, हे इंग्रजीत कसं वेड्यासारखं वाटतं, करून बघा. "तीन दिवस राहिलेत, आता तुझ्या जागी कोण झोपणार?" मिस प्रेमाने म्हणाल्या. "नुसतं डोळे मिटून पडायचंय गं." मी बरं म्हणून आले.

शाळेतला प्रयोग गुरुवारी होता आणि अप्पांचं ऑपरेशन शनिवारी. मधला शुक्रवार माझा होता. दोनदा डोक्यावरून न्हायचं, कपडे भिजवायचे, देवासमोर नाक घासायचं, मग हॉस्पिटलात जायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्याच भरवशावर मी गुरुवारी शाळेत गेले.

लायब्ररीतल्या लांब टेबलावर मला निजवलं. पाय दाराकडे, कारण रोमन घरात मेलेल्याला तसंच ठेवायचे. आमच्याकडेही नेताना पाय पुढे असतात, हे मला माहीत होतं. तोंडाला पांढरी पावडर. ओठांवर एक रुपया, पलीकडे नदी पार करून देणाऱ्या नावाड्यासाठी. अंगावर ते कापड. मग मिस दहावीच्या मुलांना सांगायला लागल्या, की आता सगळ्यात जवळचं माणूस डोळे मिटवतं आणि मेलेल्याचं नाव मोठ्याने पुकारतं, कारण तो खरंच गेलाय ना याची खात्री करायची असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने माझं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. हाकेला ओ द्यायची नाही, ही एवढी एकच गोष्ट मला करायची होती. देवा रे! घशात आलेली ती ओ मी कशी दाबली, माझं मला माहीत. दहावीची मुलं म्हणाली म्हणे, काय मस्त काम करतेय ही.

तेवढ्यात दार वाजलं. प्यूनच्या मागे काका उभे होते, अप्पांचे धाकटे भाऊ. हॉस्पिटलातून फोन आला होता. दुसऱ्या कोणाचं तरी ऑपरेशन पुढे गेलं होतं आणि डॉक्टर अप्पांना आजच घेणार होते, दुपारी एकला.

मी टेबलावरून उठले तसा सगळा वर्ग हसला. मेलेली उठली ना! मला मात्र टेबलाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा तांब्या आणि पणती दिसत होती. ते शेवटी होणार होतं. अंत्यविधीहून आलेल्यांवर पाणी शिंपडायचे नि त्यांना विस्तवावरून चालवायचे, त्याशिवाय रोमन लोकसुद्धा शुद्ध होत नसत, हे मिसनीच शिकवलं होतं. म्हणजे त्यांनाही सुतक होतं. आणि माझं तेवढंच राहिलं. तांब्यात हात बुडवायला किती वेळ लागला असता? पण काका "चल, चल" करत होते, आणि मी कापड तिथेच टाकून निघाले.

रिक्षात मी अगदी कडेला बसले, काकांना शिवू नये म्हणून. काकांना वाटलं पोर घाबरलीय. "अगं, रोज करतात ते असली ऑपरेशनं, चहा पितापिता करतात," ते म्हणत होते. बाहेर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी रुमालाने तोंड पुसत होते आणि पावडर कानांत, केसांत जात होती.

हॉस्पिटलात पोचल्यावर मी काकांना बाथरूमला जाते म्हटलं आणि आत जाऊन बेसिनच्या नळाखाली डोकं घातलं. एक बाई हात धुवायला आली होती, ती मागे सरकली. नळाची धार करंगळीएवढी. मी केसांवरून पाणी घेत राहिले, तोंडावर मारत राहिले. गणवेश मानेपासून भिजला. पण अंगावर कपडे तेच, मेल्यावेळचे. नुसत्या डोक्याने काय होतं?

बाहेर आले तर अप्पांची ट्रॉली लिफ्टसमोर आणलेली. हिरवा झगा घातलेले अप्पा एवढेसे दिसत होते. आई त्यांच्या उशाशी. अप्पांनी मला पाहिलं आणि हात पुढे केला. "आलीस? ये."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"अगं ये ना, पाया पड," आई म्हणाली. मी मान हलवली. "असं काय करतेस? ये म्हणते ना!" आईचा आवाज चिरकला. मला रडू फुटत होतं, आणि पाय पुढे टाकायची माझी हिंमत नव्हती. माझा हात लागला तर अप्पा परत येणार नाहीत, हे मला त्या क्षणी भिंत दिसावी तितकं स्वच्छ दिसत होतं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे केलेला हात वर उचलला, मला टाटा केला आणि हसले. छान, दुकानात हसतात तसे. "सरी, सरी, बरं, राहू दे तिला," ते आईला म्हणाले. लिफ्ट बंद झाली.

चार तास मी बाकावर बसून होते. आई माझ्याशी बोलत नव्हती. मी डोळ्यांसमोर अप्पांचं ते हसणं धरून ठेवलं होतं. घाबरलेला माणूस असं हसत नाही, असं स्वतःला सांगत होते, पुन्हा पुन्हा. साडेपाचला डॉक्टर बाहेर आले आणि सगळं ठीक झालं म्हणाले. तेव्हा मी आईच्या कुशीत इतकी रडले की तीच मला समजवायला लागली.

अप्पांना चौथ्या दिवशी खोलीत आणलं. मी घरून न्हाऊन, धुतलेले कपडे घालून गेले, त्यांच्या पाया पडले, आणि आई खाली औषधं आणायला गेली तेव्हा सगळं भडाभडा सांगून टाकलं. कापड, टेबल, रुपया, हाका, राहून गेलेलं पाणी. "म्हणून मी जवळ आले नाही, अप्पा. तुम्हाला काही होऊ नये म्हणून." मला वाटलं ते हसतील, खुळी कुठली म्हणतील.

ते हसले नाहीत. खोकला आला तर छातीशी धरायला उशी दिली होती, ती त्यांनी जवळ ओढून घेतली.

"तुझे केस ओले होते," ते म्हणाले. "डोक्यावरून पाणी घेऊन आलेली, पांढरीफटक, हात लावायला तयार नाही. मला वाटलं डॉक्टरांनी तुम्हाला खरं काय ते सांगितलंय, आणि तुला ते लपवता येत नाहीये. म्हटलं, संपलं. आता निदान पोरीला तरी कशाला घाबरवायचं? म्हणून हसलो."