धडा वजा, माल खरा

काटेकाकांच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. वारा सुटला की बायको त्यांच्या खिशात दगड भरते, अशी गल्लीतली जुनी थट्टा होती. पण या काडीपैलवानाने उभा जन्म वजनं करण्यात घालवला. वस्तीबाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता, त्याच्या खिडकीत ते बसायचे. वाळूचा, लोखंडाचा, धान्याचा ट्रक काट्याच्या फळीवर चढला की आकड्याकडे बघण्याआधी ते टायरांकडे बघायचे आणि वजन सांगून मोकळे व्हायचे. आकडा मागाहून येऊन त्यांच्या हो ला हो मिळवायचा.

त्यांचं एक पालुपद होतं. "धडा वजा, माल खरा." तेल आणायला भांडं नेलं की दुकानदार दुसऱ्या पारड्यात खडे टाकून आधी त्या रिकाम्या भांड्याचं वजन साधून घेतो, त्याला म्हणतात धडा. शाळेतला धडा वेगळा. काकांच्या नोकरीत काम पडायचं ते पहिल्याचंच. भरलेल्या ट्रकमधून रिकामा ट्रक वजा करायचा, उरेल तो माल. रिकामा ट्रक किती जड आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरीही त्यांचं तेच चालायचं. समोरचा बोलत असला की त्यातली कुरकुर, काळजी, लांबण वजा करायची आणि मुद्दा तेवढा घ्यायचा. बायकोच्या बोलण्यात ही वजाबाकी केली की बहुतेक वेळा काही उरायचंच नाही.

बायको अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत. घराच्या मागे एक लांबट खोली होती, आधीच्या मालकाने नंतर स्वस्तात वाढवून घेतलेली. तिथे ती पाळणाघर चालवायची. आईबाप कामावर गेले की सात-आठ पोरं दिवसभर तिच्याकडे. ती पोरांची मावशी, म्हणून सगळ्या गल्लीची मावशी. दुपारी पोरं झोपली की ती फोन बंद करून ठेवायची. त्या वेळेत देव आला तरी थांबला असता.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात, नाहीतर डॉक्टरच्या. काटेकाका वांग्यांच्या मागे लागले. मागच्या खोलीवरच्या गच्चीवर दिवसभर ऊन आणि हाताशी नळ, म्हणून कुंड्या तिथेच मांडल्या. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते सांगायला नको. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं आणि रोपं माना टाकायची. काका रोपवाटिकेत गेले. तिथल्या माळ्याने सांगितलं, "माती हलकी ठेवा. पालापाचोळा, काथ्याचा भुसा, थोडं खत. वरून वाळलेलं गवत पसरा. मुळांना हवा मिळते आणि ओलही टिकते."

काकांनी त्या मिश्रणाची मूठ घेतली, तळहातावर जोखली आणि परत टाकली. "हलकं ते खोटं," ते म्हणाले. वजनावर जगलेलं माणूस ते. हातात जड लागेल त्यालाच किंमत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कुठेतरी पायाचं खोदकाम चाललं होतं, तिथली चिकट काळी माती त्यांनी गाड्या भरभरून आणली. कुंड्या पुरेनात, तेव्हा लोखंडी टब आले, अर्धी कापलेली पिंपं आली, भंगारातला एक मेलेला फ्रिज पाठीवर झोपवून त्यात भेंडी लावली. टबांच्या तळाची भोकं बुजवून त्यांनी जरा वर, बाजूला पाडली आणि तळात विटांचे तुकडे भरले. म्हणजे खाली पाणी साठून राहील आणि दुपारी मुळं तेच पितील. त्याआधी मावशी म्हणत होती की कुंड्यांचं पाणी छतात मुरतं, खालच्या भिंतीला ओल येते. आता गळती थांबली, तेव्हा तिची तक्रारही मिटली असं काकांनी धरून टाकलं.

आणि बाग खरंच फोफावली, खोटं कशाला बोला. वांगी अशी तकतकीत की त्यात तोंड बघावं. मिरच्या वर तोंड करून लटकलेल्या, दोडका कठड्यावरून पलीकडे डोकावणारा. काका उन्हं तापण्याआधी वर जायचे, भाजी टवटवीत असतानाच कात्रीने देठासकट कापायचे. भेंडी एक दिवस विसरली की निबर होते, म्हणून तिच्यावर डोळा ठेवून असायचे. मग हातकाट्याला टोपली अडकवायची, टोपलीचा धडा वजा करायचा आणि आकडा खाली ओरडून सांगायचा. रोजच्या रोज त्यांनी भेंडीचं वजन केलं. ती ज्यात उगवत होती त्याचं एकदाही नाही. ते त्यांच्या लेखी भांडं होतं.

खालच्या खोलीत मात्र वेगळंच उगवत होतं. छतावर ट्यूबलाइटपासून दाराकडे एक बारीक रेघ निघाली. पोरं उताणी झोपायची, त्यांनी ती आधी पाहिली आणि तिला नदी नाव ठेवलं. काही दिवसांनी काकांच्या देखत एक पोरगी म्हणाली, "मावशी, नदी पुढे गेली." मग नदीला फाटा फुटला. सकाळी केर काढताना जमिनीवर पांढरी पूड सापडायला लागली, पिठासारखी. मावशी ती झाडायची आणि दुसऱ्या सकाळी ती परत असायची. एकदा ती एका पोराच्या दुधात पडली.

"अहो, छतातून काहीतरी पडतंय," मावशी म्हणाली.

"जुना रंग असेल. सुटतो उन्हाने."

"आणि दार घासतंय. काल खांद्याने ढकलावं लागलं."

"लाकूड फुगतं गं."

"उन्हाळ्यात फुगतं का लाकूड?"

काकांनी यातून काळजी वजा केली, कुरकुर वजा केली, आणि दाराच्या कडेला मेण चोळून दिलं. दार चार दिवस सरळ वागलं. मग मावशीनेच दुपारी ते उघडं ठेवायला सुरुवात केली. लावलं की उघडायला जड जातं, त्यापेक्षा असू दे दीड वीत उघडं, पोरांना वाराही लागेल. हा विचार तिला कुठून सुचला कोण जाणे. त्यानेच पुढे पोरं वाचली.

रोपवाटिकेचा माळी एकदा बाग बघून गेला, त्याला काकांचा वांग्यांचा टब भारी आवडला होता. रोपवाटिकेच्या फाटकाशी ठेवायला द्या, लोक बघतील तरी, असं तो म्हणाला. काका हरखून गेले. टब न्यायच्या दिवशी घरी यायला संध्याकाळ होणार म्हणून त्यांनी सकाळी बागेला दुप्पट पाणी घातलं, सगळे टब काठोकाठ. मग दोन हमाल आले. त्यातल्या त्यात लहान टब उचलताना दोघांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"काका, यात काय शिसं भरलंय?" एकाने विचारलं.

"अस्सल माती आहे," काका अभिमानाने म्हणाले.

हातगाडी वजनकाट्यावरून जायची होती. जुनी जागा, जुना मान. काकांना मिरवायचा मोह झाला. त्यांच्या जागी आता एक बाई बसायची, लांबरुंद, शांत, हिशोबाला पक्की. काकांनी गाडी फळीवर घ्यायला लावली. बाईंनी आकडा वाचला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हातगाडी आणि टब, धडा किती धरू, काका? वजा करते."

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. हातगाडी त्यांना पाठ होती. टब पत्र्याचा, एका हाताने उचलावा असा. ते वजा करून काहीच कमी होत नव्हतं. माल म्हणजे वर लटकलेली पाच-सहा वांगी. मग बाकीचं सगळं वजन कशाचं? त्यांनी जन्मभराच्या सवयीने टायराकडे पाहिलं. गाडीचं टायर चेपून फळीला चिकटलं होतं.

हा सगळ्यात लहान टब होता. वर तो फ्रिज होता, ती पिंपं होती, रांगेने मांडलेले मोठे टब होते, आणि आज सगळ्यांत दुप्पट पाणी होतं. काकांनी मनातल्या मनात बेरीज केली. मागच्या खोलीवर एक भरलेला ट्रक उभा होता. तो त्यांनीच, मूठमूठ करून, वर चढवला होता. आणि त्याखाली पोरं झोपली होती.

फोन लावला. बंद. दुपार होती. शेजाऱ्याला लावला, तो वाजत राहिला. काका टब, हमाल, सगळं तिथेच टाकून रिक्षात बसले. चालकाला ते फक्त "चल, चल" म्हणत होते. नदी पुढे गेली, नदी पुढे गेली, हे त्या पोरीचं वाक्य त्यांना आता ऐकू येत होतं, तेव्हा वजा केलेलं.

खोली उभी होती. दार दीड वीत उघडं होतं आणि आत मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ता झोपलीत."

"पोरांना बाहेर दे. एकेकाला. आत्ता."

त्यांचा चेहरा बघून ती दाराला भिडली. दार ढकललं, ते हललं नाही. खिडकीला गज. पोरं मात्र आडवी होऊन फटीतून निघत होती. झोपेतली, रडकी, एक तर तिच्या हातातच घोरणारं. वरून पूड आता सारखी पडत होती आणि पोरांच्या केसांवर बसत होती. शेवटची पोरगी बाहेर आली तेव्हा म्हणाली, "नदी दारापर्यंत आली."

मावशी त्या फटीतून निघणार नव्हती. पोरांची रडारड ऐकून पलीकडच्या गल्लीतला गवंडी धावत आला, त्याने छताकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चौकटीला कुणी हात लावू नका. छत आता तिच्यावर आहे. वर गच्चीवर तर कुणी पाऊलही ठेवायचं नाही. मी टेकू आणतो." तो माणसं घेऊन पळाला.

मधे नुसतं थांबणं होतं. काका फटीशी उभे राहिले. आतून मावशी पोरांच्या चपला एकेक करून बाहेर देत होती. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. वर कुठेतरी लोखंड करकरलं.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, "सगळ्या जगाचं वजन केलंत तुम्ही. माझ्या शब्दाला तेवढं कधी वजन दिलं नाहीत. माझा धडाच केलात."

खरं होतं, आणि त्यातून वजा करण्यासारखं काही नव्हतं. त्यांना रडू आलं.

टेकू आले. पण ते आत उभे करणार कोण? गवंडी पहिलवान, त्याची माणसं तशीच. त्या फटीतून जाण्याजोगं एकच माणूस तिथे होतं. काका आडवे झाले आणि आत शिरले. गवंडी बाहेरून सांगत होता, ते लाकडी वासे छताखाली उभे करून, बुडाशी पाचर मारून घट्ट करत होते. मावशी वासा धरत होती. पूड दोघांच्या अंगावर सारखीच बसत होती. मग गवंड्याने चौकट न हलवता दाराची फळी करवतीने कापली.

"आधी तुम्ही," मावशी म्हणाली.

"या वेळी माझं ऐक," काका म्हणाले, आणि लगेच, "नाही, तुझंच. पण निघ."

ती निघाली, मागोमाग ते. अंगणाच्या टोकाला पोचायच्या आतच पाठीमागे छत बसलं. मोठा आवाज झाला नाही, जड पोतं जमिनीवर टाकावं तसा झाला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, जिथे पोरांच्या सतरंज्या होत्या तिथे काळी माती होती, फ्रिज होता, आणि मातीत ताजी, तकतकीत वांगी उभी होती.

कुणाला खरचटलंही नाही. गल्ली म्हणाली, नशीब. पण दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आईबापांचं चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही. पाळणाघर गेलं ते गेलंच. मावशी काकांना त्यावरून पुन्हा एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं काकांना वाटायचं. ती पुढच्या खोलीत बसून राहायची, आणि दुपार झाली की सवयीने फोन बंद करायची.

ढिगारा न्यायला ट्रक आला. वाहून नेणारा वजनावर भाव घेणार होता, म्हणून ट्रक काट्यावर न्यावा लागला. काका बरोबर गेले. ट्रक फळीवर चढला. काकांनी टायरांकडे पाहिलं, पण वजन सांगितलं नाही. खिडकीतल्या बाईंनी आकडा वाचला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "माल काय लिहू, काका?"

काकांनी ट्रकमधल्या ढिगाऱ्याकडे पाहिलं.

"लिहा, धडा," ते म्हणाले.

"धडा कसा माल होईल?"

"आजवर नव्हता."

म्हातारा थट्टा करतोय असं बाईंना वाटलं. त्या हसल्या आणि त्यांनी आपल्या मनाने चिठ्ठीवर "माती" लिहिलं. काकांनी चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. झाली होती तीही मातीच.