माझ्यापर्यंत वेळ आलीच नाही

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. प्रार्थनेत तर खोटं बोलून काही उपयोग नसतो — पण तिथेही मी हे पूर्ण वाक्यात कधी म्हटलेलं नाही. ‘माझ्या चुकांची क्षमा कर’ म्हणतो आणि पुढच्या विनंतीकडे वळतो. चुका. अनेकवचन सोयीचं पडतं. एकच चूक म्हटली की ती कोणती, ते सांगावं लागतं.

मग आज का लिहायला बसलो? आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांची शब्बाथ शाळा भरते, तिथे मी वर्ग घेतो. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, कुणी मानेवर सुरी ठेवली आणि ‘येशू माझा न्हाय’ म्हण म्हणाला, तर म्हणायचं का? खोटं खोटं? मनात तसंच ठेवून?” बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. पुढच्या रविवारी मी दुसराच धडा घेतला. वही मिटताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

आधी शमुवेलतात्यांबद्दल सांगायला हवं. ते माझे नात्याचे कुणी नव्हते. कोडोलीच्या अलीकडे आमचं गाव, गावात वीसेक ख्रिस्ती घरं, आणि तात्या त्या वीसेक घरांचे. दवाखान्यात जखमा धुवायचं, पट्ट्या बांधायचं काम त्यांनी जन्मभर केलं आणि रविवारी पाळकसाहेब आले नाहीत तर उपदेशही केला. माझे वडील गुऱ्हाळावर चुलाणाला जाळ घालायचे. त्यांना सही येत नव्हती. मला तात्यांनी पाटीवर हात धरून अक्षराचं वळण लावलं. चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं, तेव्हा मी चौथीत होतो. बारावीनंतर वडील म्हणाले, आता हाताशी ये. त्यावर तात्या गुऱ्हाळावर गेले आणि उकळत्या रसाच्या काहिलीशेजारी उभे राहून वडिलांशी दुपारभर बोलले. दुसऱ्या दिवशी मला एस्टीनं कोल्हापूरला नेऊन कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही त्यांनीच केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज हायस्कुलात मराठी शिकवतो, चार माणसं मला सर म्हणतात — यातलं काय माझं आहे आणि काय तात्यांचं, हे वेगळं करायला गेलो तर माझ्या वाट्याला फार थोडं येईल.

आणि त्याच माणसाचं मी काय केलं?

बारा-तेरा वर्षं झाली. भातकापणीचे दिवस होते. मलकापूरच्या वर, शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीवर एक बाई बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. तिचा भाऊ आमच्या चर्चच्या मंडळीतला. तो म्हणाला, एकदा येऊन प्रार्थना करा. तात्या पासष्टीचे, त्यांना एस्टी बदलत एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी माझ्या मोटरसायकलवरून घेऊन गेलो. प्रार्थना झाली, बाईनं आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. परत निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. उतारावरच्या वळणावर दोन गाड्या आडव्या लावलेल्या होत्या. पाच जण होते.

“पावणं, कुठलं म्हणायचं?”

इतक्या साध्या आवाजात. मला वाटलं, रस्ता विचारताहेत. त्यातला एक तर माझ्या वर्गातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलासारखा होता, ओठावर कोवळी मिशी. मी गावाचं नाव सांगितलं. नाव विचारलं, प्रकाश म्हणालो. कुठंही खपून जाणारं नाव आहे माझं. मग तात्यांना विचारलं, आणि तात्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. शमुवेल हे नाव कुठं लपवणार?

“बाटवायला आलतासा व्हय?”

त्यांनी तात्यांची पिशवी उलटी केली. पवित्र शास्त्र, चष्म्याचं घर आणि त्या बाईनं दिलेली दोन पपनसं रस्त्यावर पडली. एकाच्या हातात कोयता होता. मी पुढे बसलेला, म्हणून त्यानं तो माझ्या मानेवर टेकवला. पात्याला ओल्या चिकाचा वास येत होता. ‘हितं पुरलं तर कुणाला पत्ता लागायचा न्हाय’ असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते खरं होतं. खाली दरी, वर रान.

त्यानं मला अजून काही विचारलंही नव्हतं. विचारायच्या आधीच मी बोललो.

“मी त्यांच्यातला न्हाय. मी ख्रिश्चन न्हाय ओ. नुसता गाडीवरनं सोडायला आलोय. त्यास्नी विचारा.”

‘त्यास्नी विचारा.’ पहिली वाक्यं भीतीनं वदवली असतील. पण हे शेवटचं? ते तर कुणीच मागितलं नव्हतं. मानेवरचा कोयता मी शब्दांनी उचलून तात्यांच्या दिशेनं सरकवला.

कोयतेवाला तात्यांकडे वळला. “काय म्हातारबा, ह्यो तुमचा न्हाय व्हय?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “न्हाय. त्येचा काय संबंध न्हाय. त्येला जाऊ द्या.”

“मग तुम्ही म्हणा. येशू माझा कोण न्हाय म्हणा.”

तात्या तसेच उभे राहिले. पोटावर हात बांधून, चर्चमध्ये आशीर्वादाच्या वेळी उभे राहायचे तसे. मग म्हणाले, “मारायचं तर मारा बाबांनो.” आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. मी ऐकलं ते. त्या क्षणी तात्या ठाम होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं — हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरल्यासारखं वागलो.

कोयता माझ्या मानेवर परत आला. या वेळी दाबून. “तुम्हाला न्हाय मारत. ह्येला मारतो. तुमच्यापायी.”

कॉलरच्या आत काहीतरी कोमट ओघळलं. मी रडत होतो. आणि तात्यांनी ते वाक्य म्हटलं. त्या पोरांना हवं होतं तसं, शब्दाला शब्द. पोरं हसली, आणखी दोनदा म्हणायला लावलं, तात्यांनी म्हटलं. मग शास्त्र भाताच्या खाचरात फेकून ते पाचही जण निघून गेले.

तात्या चिखलात उतरले, पुस्तक काढलं, टॉवेलनं पुसलं. पोलिसांत जायचं नाही म्हणाले, कारण त्या वाडीवरच्या बाईलाच त्रास होईल. घर येईपर्यंत ते एवढंच बोलले, “कॉलर वर कर. तुझी आई बघंल.”

आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्ष देतात. ज्याला जे सांगायचं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. पोरगं पास झालं, ताप उतरला, म्हैस सुखरूप व्याली — लोक सांगतात, बाकीचे आमेन म्हणतात. त्या रविवारी तात्या उभे राहिले. म्हणाले, कोयता दाखवून मला धमकावलं आणि मी प्रभूला नाकारलं, तीन वेळा. बस. कोयता कुणाच्या मानेवर होता, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ती सबब वाटली असती म्हणून? की ते सांगायचं तर माझी वाक्यंही सांगावी लागली असती म्हणून? मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आमेन कुणीच म्हणालं नाही. पाळकसाहेब गोंधळले, आणि मग अख्ख्या चर्चच्या माना माझ्याकडे वळल्या. “प्रकाश, तू होतास ना बरोबर? तुझं काय झालं?”

मी उभा राहिलो. म्हणालो, “माझ्यापर्यंत वेळ आलीच नाही.”

तात्या तेव्हा पुढच्या गीताचं पान शोधत होते. पान त्यांना तोंडपाठ होतं. तरी शोधत होते.

इथपर्यंतचं कदाचित माणूस समजून घेईल. मला भीती आहे ती त्यानंतरच्या बुधवारची.

संध्याकाळी पंचमंडळ बसलं. मंडळीचा कारभार बघणारे चार वडीलधारे, पाळकसाहेब आणि मी. मी चिटणीस होतो, कारण पदवीधर आणि अक्षर बरं. दाविदरावांचं म्हणणं, तात्यांवर कारवाई झालीच पाहिजे. एस्टीतून रिटायर झालेला कडक माणूस. “आपल्या आज्ज्यांचं पाणी तोडलं गावानं, तरी नाव सोडलं न्हाय त्यांनी. आता पोरांनी काय शिकायचं?” हे म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी खरोखरच दोन कोसांवरून पाणी आणलं होतं.

मार्थाबाई, जुन्या नर्स, उसळल्या. “अवो जिवावरची येळ ती, आणि तुम्ही नियम कसलं सांगायलाय? पेत्रानं, खुद्द येशूच्या शिष्यानं, पण तीनदाच नाकारलं. त्येला परत घेतलाच की.”

“माझ्या मानेवर कोयता ठिवला असता तर मी मेलो असतो, पर—”

“तुम्ही? इंजेक्शनला ओरडतासा तुम्ही, दाविदराव. मी दिलंय, मला सांगू नका.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात प्रकरण मिटलंही असतं. पण मतं दोन-दोन पडली आणि पाळकसाहेब माझ्याकडे वळले. चांगला माणूस, त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. “तू शिकलेला आहेस, आणि तू तिथं होतास. जीव जातोय म्हणून ख्रिस्ती माणसानं नाकारलं तर चालतं का? तू म्हणशील तसं करू.”

मला एकच वाक्य बोलायचं होतं. कोयता त्यांच्या मानेवर नव्हता, माझ्या मानेवर होता. एवढंच. दाविदरावसुद्धा गप्प झाले असते, कदाचित उठून तात्यांच्या घरी गेले असते.

मी दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो. हुतात्म्यांचे दाखले दिले. माणसांसमोर नाकारणाऱ्याला स्वर्गातल्या पित्यासमोर काय ऐकावं लागेल, ते सांगितलं. म्हणालो, संकटात जी टिकत नाही ती श्रद्धा कसली? दया आहेच, पण आधी शिस्त. मार्थाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आपण जितके कडक बोलू तितका आपला संशय येणार नाही — हे मला तेव्हा कळत होतं का? हो. कळत होतं.

ठराव झाला. शमुवेलतात्यांनी एक वर्ष प्रभुभोजन — प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस — घेऊ नये, उपदेश करू नये. तो मीच रजिस्टरमध्ये लिहिला, एकही खाडाखोड न करता, तात्यांनी वळण लावलेल्या अक्षरात. रजिस्टर अजून चर्चच्या कपाटात आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. मानेवर पातं असताना माणूस काय बोलतो, त्याचा हिशेब मी कुणाकडे मागणार नाही. तात्यांनी नाकारलं ते दुसऱ्याच्या जिवासाठी, त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण त्या बुधवारी माझ्या मानेवर कुणी काही ठेवलं नव्हतं. पंखा चालू होता. पाळकीणबाईंनी चहा पाठवला होता. तिथे मी जे नाकारलं, ते कशाच्या धाकानं?

वर्ष संपलं. तात्यांना परत घेतलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, माझ्याशी बोलणं तोडलं नाही, माझ्या मुलीचं नावही त्यांनीच सुचवलं. चार वर्षांनी साध्या आजारानं गेले. दफनाच्या वेळी माझ्याइतकं चांगलं बोलणारं गावात कोण होतं? मी बोललो. लोक रडले. कोयत्याबद्दल तिथंही बोललो नाही.

एक रविवार राहिला. ठरावानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार. मला यायला उशीर झाला, जागा शेवटच्या बाकावर मिळाली, तात्यांच्या शेजारी. आमच्याकडे द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात फिरतो. आपला पेला उचलायचा आणि ट्रे पुढच्याला द्यायचा. ट्रे तात्यांकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पेले हिंदकळू नयेत म्हणून जरा थांबले, आणि स्वतः न घेता माझ्यापुढे धरला. माझा हात उठेना. ट्रे जड असतो, तात्यांनी तो तसाच धरून ठेवला.

“घे की,” तात्या हळूच म्हणाले. “लोक बघायल्यात.”

मी घेतला.