शाईने खाल्लेली झाडं

लेकीकडे हॉलंडला गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला एका चित्रसंग्रहालयात घेऊन गेली. आमचे हे आयुष्यभर निसर्गचित्रं काढत आलेले. तिथे सतराव्या शतकातल्या कुणा चित्रकाराची उरलीसुरली रेखाटनं मांडली होती. त्याचं नाव यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

एका चित्रात नदीकाठ होता, पाण्यावर ओणवलेली झाडं होती. झाडांच्या सावल्यांत कागदाला भोकं पडली होती.

"वाळवी लागली का गं?" मी विचारलं.

लेकीने तिथल्या बाईंना विचारून सांगितलं, "नाही आई. त्या काळच्या शाईनेच कागद खाल्लाय. शाई दाट तिथे आधी."

"थांबवता येत नाही?" हे म्हणाले.

"नाही बाबा. जपून ठेवलं तर सावकाश होतं, एवढंच."

म्हणजे ज्या सावल्यांवर त्याचा हात जीव लावून रेंगाळला, त्याच आधी गेल्या. सहज ओढलेलं फिकट आभाळ तेवढं धड राहिलं. माणूस जिथे जीव ओततो, तिथूनच बहुधा झिजायला लागतं.

परतताना ट्राममध्ये हे म्हणाले, "घरची माझी चित्रं आपल्यामागे कोण जपणार? कुणाला तरी देऊन टाकू."

"कुणाला?" मी विचारलं.

लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या थांब्यावर उतरायचंय."